प्रोजेक्ट कायम ‘९० टक्के झालंय’ वरच अडकतो? स्कोप कुठल्या दारातून वाढतोय ते आधी शोधा

लक्षणं आधी सांगतो, जुळली तर पुढे वाचा. डेडलाइन दोनदा पुढे गेलीय, दर स्टेटस कॉलवर ‘९० टक्के झालंय’ असंच सांगितलं जातं, टीम उशिरापर्यंत बसतेय म्हणजे कोणी आळशी नाहीये, क्लायंट पण खडूस नाहीये उलट गोड बोलणारा आहे, आणि तरी काम काही संपत नाही. आणि कोणी विचारलं की बाबा नक्की राहिलंय काय, तर तीन जण तीन उत्तरं देतात. हे शेवटचं लक्षण असेल तर डोळे झाकून समजा की घोळ स्कोपचा आहे, म्हणजे प्रोजेक्टमध्ये काय करायचं आणि काय नाही या हद्दीचा. कारण नुसतं एस्टिमेट चुकलं असतं तर ‘काय राहिलंय’ याचं उत्तर सगळ्यांचं एकच आलं असतं, फक्त वेळ जास्त लागला असता. इथे उत्तरंच वेगळी येतायत म्हणजे प्रत्येक जण मनात वेगळाच प्रोजेक्ट घेऊन काम करतोय.

मी हा मार तीन प्रोजेक्टवर खाल्लाय, तिसऱ्या वेळी शहाणपण आलं. तेव्हा काय केलं ते सांगतो.

आधी तपासणी, उपाय नंतर

सुरुवातीला जो काही स्कोपचा कागद होता तो काढा, मग तो करार असो, प्रपोजल असो नाहीतर एखादी लांबलचक मेल असो. शेजारी आजची टास्क लिस्ट उघडा. आता प्रत्येक टास्कसमोर लिहा की ही मूळ कागदातल्या कुठल्या ओळीतून आली. ओळ सापडली नाही तर लिहा ती कुठून आली, कॉलवर कोणी म्हणालं, चॅटवर मेसेज आला, टेस्टिंगमध्ये निघालं, आपल्याच डेव्हलपरला सुचलं, की ‘हे तर असणारच ना’ असं कोणीतरी धरून चाललं होतं. तासाभराचं काम आहे, कंटाळवाणं आहे, पण टाळू नका.

एका ऑर्डर मॅनेजमेंटच्या प्रोजेक्टवर मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा ढीगभर टास्कना बापच सापडेना. कोणी सांगितलं, कधी सांगितलं, कशासाठी, कोणालाच आठवत नाही, पण करायचं मात्र सगळ्यांना माहीत. आणि गंमत म्हणजे त्यातली एक गोष्ट क्लायंटला नकोच होती, एका कॉलवर त्यांच्याकडचं कोणीतरी ‘असं असतं तर बरं झालं असतं’ एवढंच म्हणालं होतं आणि आमच्याकडून ते कोणीतरी उचलून लिस्टमध्ये टाकलं.

या तक्त्यातून साधारण तीन चित्रं निघतात. टास्कला ओळ आहे पण ओळ एक आणि टास्क पंधरा, म्हणजे स्कोप नीट ठरवलाच नव्हता. ओळच नाही आणि मागणी बाहेरून आली, म्हणजे ठरवला होता पण राखला नाही. ओळ नाही आणि बाहेरून कोणी मागितलंही नाही, म्हणजे घरचेच भेदी. तिन्हींचं औषध वेगवेगळं आहे, आणि सगळ्यात कॉमन चूक ही की पहिल्या आजारावर दुसऱ्याचं औषध देतात, स्कोप मुळातच धूसर असताना चेंज रिक्वेस्टचा, म्हणजे बदलाच्या लेखी मागणीचा, फॉर्म काढतात. मग क्लायंट म्हणतो हे तर आधीपासूनच ठरलेलं, तुम्ही म्हणता नव्हतं, आणि खरं सांगायचं तर दोघंही बरोबर असतात.

ओळ एक, टास्क पंधरा

आमच्या कागदात एक ओळ होती, ‘रिपोर्ट एक्सपोर्ट करता आला पाहिजे’. सहा शब्दही नाहीत. आम्ही धरलं एक्सेलची फाइल डाउनलोड होईल, दोन दिवसांचं काम. क्लायंटच्या अकाउंट्सवाल्यांनी धरलं पीडीएफ, लोगोसकट आणि पानांचे नंबर टाकून. त्यांच्या मॅनेजरांनी धरलं की रिपोर्ट रोज सकाळी आपोआप मेलवर येणार. आयटीवाल्यांनी धरलं की कोणाला कुठले कॉलम दिसतील ते रोलप्रमाणे बदलणार. आणि डेटा तीन महिन्यांचा की पाच वर्षांचा हे कोणी विचारलंच नाही, पाच वर्षांचा निघाला, तेव्हा एक्सपोर्ट मारला की सर्व्हरच बसायचा. आता यात हावरट कोण आहे सांगा? कोणीच नाही. प्रत्येकाने त्या ओळीत आपापली गरज वाचली एवढंच.

अशा ओळी पकडायची माझी साधी पद्धत आहे, क्रियापद बघा. ‘मॅनेज करणे’, ‘सपोर्ट करणे’, ‘हाताळणे’, ‘इंटिग्रेट करणे’, ‘युजर फ्रेंडली असणे’ असं काही दिसलं की तिथे बॉम्ब पुरलेला आहे. अशा प्रत्येक ओळीबद्दल विचारायचं, कोण वापरणार, काय टाकणार, काय बाहेर येणार, किती डेटा, किती वेळा, आणि झालं म्हणून कोण कशावरून मान्य करणार. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण मान्यतेची अट लिहायला बसलं की धूसर ओळ आपोआप उघडी पडते. ‘रोल एकचा युजर निवडलेल्या तारखांमधल्या, जास्तीत जास्त एका वर्षाच्या, ऑर्डरची एक्सेल फाइल डाउनलोड करू शकतो’ असं लिहिलं असतं तर अकाउंट्सवाले पहिल्याच आठवड्यात ओरडले असते. आणि पहिल्या आठवड्यातली ओरड परवडते हो, शेवटच्या महिन्यातली नाही परवडत.

दुसरी गोष्ट, ‘यात काय नाही’ याची यादी. लोक ही लिहायला लाजतात, वाटतं क्लायंटला वाटेल सुरुवातीलाच नकारघंटा. माझं मत अगदी उलटं आहे, अख्ख्या स्कोपच्या कागदात ही यादी सगळ्यात कामाची. ‘काय आहे’ ही यादी लोक चाळतात, ‘काय नाही’ ही यादी नीट वाचतात. जुन्या सिस्टिममधला डेटा आणणं नाही, मोबाइल ॲप नाही, शेड्यूल केलेली मेल नाही, युजर ट्रेनिंग दोन सेशनपलीकडे नाही. जिथे कोणीतरी ‘अरे, हे तर लागेलच’ म्हणतं तिथे खरी चर्चा सुरू होते, आणि तेव्हा तुमच्या हातात वेळ आणि पैसा दोन्ही असतं. तिथेच गृहीतकं पण लिहून टाका, टेस्ट डेटा कोण देणार, अप्रूव्हल किती दिवसांत मिळणार, समोरून एकच माणूस निर्णय घेणार की पाच जणांची कमिटी.

मग काम छोट्या तुकड्यांत फोडायचं, ज्याला डब्ल्यूबीएस (वर्क ब्रेकडाउन स्ट्रक्चर) म्हणतात ते. यात नियम एकच लक्षात ठेवला तरी पुरे, १०० टक्क्यांचा नियम. वरच्या डब्यात जेवढं काम आहे ते सगळं खालच्या डब्यांच्या बेरजेत आलं पाहिजे, कमी नाही आणि जास्तही नाही. प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं कामसुद्धा त्यात धरायचं, ते विसरतात आणि मग मीटिंगांचा वेळ कुठल्याच खात्यात बसत नाही. शेवटचा तुकडा साधारण ८ ते ८० तासांचा असावा असा एक ठोकताळा आहे, छोट्या टीमला ८० मोठाच होतो, मी चार-पाच दिवसांच्या वर जाऊ देत नाही. सहा आठवड्यांचा एकच डबा ठेवलात तर तो सहा आठवडे ‘९० टक्के’ दाखवणार, तिथूनच तर ते फेमस ९० टक्के येतात.

ठरायच्या आधी काम सुरू करायचा मोह किती महागात जातो त्याचं जगप्रसिद्ध उदाहरण म्हणजे सिडनी ऑपेरा हाउस. १९५७ मध्ये डिझाइन निवडलं, अंदाज ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा, १९६३ मध्ये पूर्ण होणार असं ठरलं. छताची ती शिंपल्यांसारखी रचना नक्की उभी कशी करायची हे सुटलेलंच नव्हतं, तरी १९५९ मध्ये खालचं बांधकाम सुरू केलं, मग छताचं वजन कळल्यावर आधी उभारलेले खांब पुरेनात, ते पाडून परत बांधायला लागले. उद्घाटन झालं १९७३ मध्ये, खर्च १० कोटी २० लाख. इमारत सुंदर आहे यात वाद नाही, पण आपल्या प्रोजेक्टवर दहा वर्षं कोणी थांबणार नाहीये.

हो, करून टाकतो

आता दुसरा आजार. स्कोप नीट लिहिलाय, सही झालीय, आणि तरी वाढतोय. तुम्ही मोठ्या मागण्यांवर लक्ष ठेवून असता. क्लायंटने नवीन मॉड्यूल मागितलं तर सगळे सावध होतात, मीटिंग होते, एस्टिमेट जातं. खरी गळती छोट्या गोष्टींची. ‘हे बटण जरा इकडे घ्या ना’, ‘एक कॉलम वाढवा फक्त’, ‘हा ड्रॉपडाउन शोधता आला तर बरं’. डेव्हलपरला थेट मेसेज येतो, तो भला माणूस, हो करून टाकतो म्हणतो.

हिशोब करून बघा. आठवड्याला असे तीन ‘हो’, प्रत्येकी अर्धा दिवस, १२ आठवड्यांचा प्रोजेक्ट. झाले १८ दिवस, म्हणजे एका माणसाचा जवळजवळ महिना. टेस्टिंग, परत डिप्लॉय आणि डॉक्युमेंट बदलणं धरलंत तर दुप्पट. आणि हे १८ दिवस कुठल्याच प्लॅनमध्ये दिसत नाहीत, म्हणून शेवटी सगळ्यांना वाटतं टीम स्लो आहे.

उपाय म्हणजे नाही म्हणायला शिका, असं जे सांगतात ते मला पटत नाही. नाही म्हणून संबंध बिघडतात आणि कधी कधी मागणी खरंच रास्त असते. उपाय एवढाच की ‘हो’ नोंदल्याशिवाय द्यायचा नाही. एक साधी एक्सेल शीट, हेच आपलं रजिस्टर: मागणी काय, कोणी केली, कशासाठी, किती दिवस, कशावर परिणाम, नाही केलं तर काय बिघडेल, आणि कोणी मंजूर केलं. फॉर्म याच्यापेक्षा मोठा केलात तर लोक भरणार नाहीत आणि परत चॅटवर मागायला लागतील. डेव्हलपरला एक वाक्य पाठ करून द्या: ‘सर, करता येईल, मी रजिस्टरला टाकतो, आजच किती दिवस लागतील ते कळवतो.’ बस. भांडण नाही, नकार नाही.

‘किती दिवस’ हा कॉलम जादू करतो. त्या शीटची लिंक क्लायंटला पण दिली तर आणखीच. फुकट वाटत होतं तोवर सगळंच अर्जंट होतं, समोर अडीच दिवस लिहिलेले दिसले की क्लायंटकडच्या मॅडम स्वतःच म्हणतात ‘हे राहू द्या, नंतर बघू’. आमच्याकडे बऱ्याच मागण्या अशाच त्यांनी स्वतःहून मागे घेतल्या, मला एकदाही नाही म्हणावं लागलं नाही.

मंजुरी कोणाची हे मात्र आधी ठरवा. प्रत्येक कॉलमच्या बदलासाठी कमिटी बसवलीत तर कमिटीच वैतागेल. अर्ध्या दिवसापर्यंत टीम लीड, तीन दिवसांपर्यंत प्रोजेक्ट मॅनेजर, त्यावर स्पॉन्सर (प्रोजेक्टच्या पैशाचा निर्णय घेणारा), अशी काहीतरी पायरी ठेवा, आकडे तुमच्या प्रोजेक्टच्या मापाने घ्या. प्रिन्स२ नावाच्या प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या पद्धतीत बदलांसाठी वेगळं बजेटच बाजूला काढायची सोय आहे, ती मला फार आवडते, कारण बदल होणारच हे त्यात आधीच मान्य केलेलं असतं आणि ते बजेट संपत आलं की सगळ्यांना दिसतं. फक्त एक करा, लीडच्या अर्ध्या-अर्ध्या दिवसांची बेरीज दर आठवड्याला बघा, नाहीतर ती पळवाट होते.

आणि मंजूर झालं की बेसलाइन बदला, म्हणजे कागद, तारीख आणि एस्टिमेट तिन्ही. हे सगळ्यात जास्त विसरलं जातं. बदल मंजूर केला, काम पण केलं, तारीख तीच ठेवली. मग मंजुरी कशाला घेतली?

डेन्व्हर विमानतळाच्या ऑटोमॅटिक बॅगेज सिस्टिमची गोष्ट या बाबतीत वाचण्यासारखी आहे. आधी ती एका एअरलाइनपुरती होती, मग ठरलं की अख्ख्या विमानतळालाच करू, आणि काम चालू असतानाही एअरलाइन्सच्या नव्या मागण्या येत राहिल्या, पण उघडायची तारीख सुरुवातीला हलवली नव्हती. ऑक्टोबर १९९३ मध्ये उघडायचा विमानतळ १६ महिने उशिरा, फेब्रुवारी १९९५ मध्ये उघडला, तोही बऱ्याच भागात साध्या पद्धतीने सामान हलवत, आणि २००५ मध्ये ती सिस्टिम बंदच केली. स्कोप कितीतरी पट आणि तारीख तीच, हे गणित कुठेच सुटत नाही.

बग की चेंज?

हे भांडण यूएटीमध्ये, म्हणजे क्लायंट स्वतः वापरून तपासतो त्या टेस्टिंगमध्ये, हमखास होतं म्हणून वेगळं लिहितोय. क्लायंट सगळंच बग म्हणून टाकतो, कारण बग फुकट दुरुस्त होतो. टीम सगळ्याला चेंज म्हणते, कारण बग म्हटलं की आपली चूक. माझी फूटपट्टी अशी: लिहिलंय तसं चालत नाही तर बग, वाद न घालता दुरुस्त करा. लिहिलंय तसंच चालतंय पण आता वेगळं हवंय तर चेंज, रजिस्टरला टाका. आणि लिहिलेलंच नाही, दोघांनीही वेगवेगळं धरलं होतं, तर ती स्कोप ठरवतानाची चूक आहे, त्यात थोडं तुम्ही सोसा थोडं त्यांनी सोसावं, एकेका आयटमवर तासभर वकिली करत बसू नका, तेवढ्या वेळात ते काम होऊन जातं. फक्त ही वाटणी पण नोंदवून ठेवा.

अजून एक, यूएटी शेवटी एकदम ठेवूच नका. दर दोन-तीन आठवड्यांनी जे तयार आहे ते दाखवून मान्यता घ्या, लेखी. टीमने आपली टेस्टिंग करणं वेगळं आणि क्लायंटने ‘हो, हेच मागितलं होतं’ म्हणणं वेगळं, पहिलं झालं म्हणून दुसरं झालं असं होत नाही. ९० टक्क्यांवर अडकलेल्या बऱ्याच प्रोजेक्टमध्ये काम झालेलं असतं, मान्यता कोणी मागितलेली नसते.

घरचेच भेदी

हे थोडक्यात. कोणी न मागता आपलीच टीम काहीतरी चांगलं करून देते, याला गोल्ड प्लेटिंग म्हणतात. आमच्या एका पोराने तीन दिवस घालवून डार्क मोड केला, फार सुंदर केला, आणि मग प्रत्येक नवीन स्क्रीन दोनदा टेस्ट करावी लागायला लागली. त्याला रागवायचं नाही, कल्पना त्याच रजिस्टरला टाकायला सांगायची, क्लायंटला दाखवायची, कधी कधी पुढचं काम त्यातूनच मिळतं.

आम्ही अजाइल आहोत, आम्हाला हे लागू नाही

लागू आहे. अजाइलमध्ये, म्हणजे थोडं थोडं करत, बदल घेत काम करायच्या पद्धतीत, स्कोप बदलतो हे खरं, पण म्हणून तो वाढतच जावा असं कुठे लिहिलंय. बॅकलॉगमध्ये, म्हणजे करायच्या कामांच्या क्रमवार यादीत, पाच दिवसांचं नवीन वर आलं की तेवढंच खालून तारखेबाहेर गेलं पाहिजे. स्क्रम या अजाइल पद्धतीतही स्प्रिंट (कामाची ठरावीक छोटी फेरी) चालू असताना स्प्रिंट गोल, म्हणजे त्या फेरीचं उद्दिष्ट, धोक्यात येईल असे बदल करायचे नसतात, स्कोपबद्दल प्रॉडक्ट ओनरशी (कामांचा क्रम ठरवणाऱ्याशी) बोलून अदलाबदल करता येते, ते वेगळं. आणि प्रायॉरिटी लावताना सगळंच ‘मस्ट’ (हवंच) असेल तर ती प्रायॉरिटी नाहीच. डीएसडीएम या दुसऱ्या अजाइल पद्धतीवाले सांगतात की मस्ट हॅवचं काम एकूण एफर्टच्या ६० टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका, म्हणजे अडचण आली तर सोडायला काहीतरी हातात राहतं. क्लायंटला ‘हे महत्त्वाचं आहे का’ असं विचारलं तर हो च येणार. विचारायचं असं की ‘हे नसेल तर त्या तारखेला लाइव्ह जाणार की नाही?’ निम्मे मस्ट तिथेच गळतात.

गाडी आधीच घसरली असेल तर

आता नवीन नियम लावून मागचं सुटत नाही. वर सांगितलेला तक्ता घ्या आणि उरलेल्या कामाचे तीन ढीग करा, ठरलेलं पण राहिलेलं, नंतर आलेलं पण खरंच लागणारं, आणि कोणालाच नक्की सांगता येत नाही असं. तिसरा ढीग एकदम बाजूला ठेवा, त्यातलं कोणी नाव घेऊन मागायला आलं तरच परत आत. दोन दिवस नवीन काहीही सुरू करू नका, टीम खुश होईल. मग पहिल्या दोन ढिगांचं एस्टिमेट नव्याने करा, जुन्या आकड्यांना हात लावू नका.

आणि स्पॉन्सरकडे रडगाणं घेऊन जाऊ नका, पर्याय घेऊन जा. सगळं हवं असेल तर ही तारीख. ही तारीख पक्की हवी असेल तर हे एवढं मिळेल, बाकीचं दुसऱ्या फेजमध्ये. दोन्ही हवं असेल तर एवढा खर्च आणि ही जोखीम, कारण उशिरा माणसं आणली तर त्यांना शिकवण्यातच जुन्यांचा वेळ जातो. कोणामुळे वाढलं यावर मीटिंग गेली तर परत विषयावर आणा, तक्त्यात सगळं आहेच, ज्याला बघायचंय तो बघेल. मी पहिल्यांदा अशा मीटिंगला गेलो तेव्हा वाटलं आता काही खरं नाही, पण स्पॉन्सरनी तक्ता बघितला, आपल्याच तीन डिपार्टमेंटची नावं ‘कोणी सांगितलं’ च्या कॉलममध्ये वाचली, आणि दहा मिनिटांत दुसरा पर्याय निवडून मोकळे झाले. एक्सपोर्टची शेड्यूल केलेली मेल दुसऱ्या फेजमध्ये गेली. ती अजून कोणी मागितलेली नाही.